व्यापाऱ्यांची यादी

वाचकहो, तुमच्या-आमच्या घरातले कोणी ना कोणी आठवड्यातून एकदा तरी तालुक्याच्या गावी जातेच. बाजाराला, बँकेत, दवाखान्यात, तहसिलीत, खताच्या दुकानात, नाहीतर मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मापायी. त्या गावचा रस्ता उखडला की आपल्या ट्रॉलीचे पाटे मोडतात. तिथली गटार तुंबली की आपली भाजी चिखलात बसते. तिथली बँक बंद असली की आपली मजुरी थकते. एवढे सगळे असूनही त्या गावात काय व्हावे आणि काय होऊ नये हे ठरते तेव्हा आपण तिथे नसतो. आपले मत आपल्या ग्रामपंचायतीला. नगरपालिकेच्या मतदारयादीत आपले नाव नाही, आणि असण्याचे कारणही नाही. आपण तिथले गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला मत कोण विचारतो?

हे सारे आठवायला कारण झाले ते एका छापील निवेदनाचे. आमच्या तालुक्याच्या गावी व्यापारी असोसिएशन आहे. किराणा, कापड, भांडी, सराफी, खत-बियाणे, हॉटेल, शिवाय मार्केट यार्डातले कांद्याचे आणि भुसाराचे खरेदीदार असे सगळे तिचे सभासद. या असोसिएशनने नगरपालिका, बाजार समिती आणि आमदार यांना चार पानी निवेदन दिले. त्यात एकंदर चौदा मागण्या. खताच्या दुकानदाराने मला गोणीबरोबर एक प्रत दिली आणि म्हणाला, "अण्णा, वाचा, तुमच्याही फायद्याचे आहे."

मी ते ओसरीवर बसून दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली आणि प्रत्येक मागणीपुढे खूण करत गेलो. जी त्यांची तशी आपलीही, तिला बरोबरची खूण. जी नुसती त्यांची, तिला टिंब. आणि जी आपल्या पोटावर येणारी, तिला फुली. शेवटी मोजले तर आठ बरोबर, चार टिंबे आणि दोन फुल्या निघाल्या. तुमच्या बाजारगावीही असे कागद निघत असतील. हाती आले तर पेन्सिल घेऊन बसा, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. व्यापारी म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. मापात मारणारा, भाव पाडणारा, व्याज लावणारा, हे चित्र आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेले आहे, आणि ते सगळेच खोटे होते असे नाही. पण व्यापाऱ्यांनी एक गोष्ट आपल्या आधी ओळखली. एकट्याने अर्ज केला तर तो फायलीत जातो, दीडशे जणांनी मिळून केला तर साहेब खुर्ची देतात. वालचंद हिराचंद यांनी १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स काढले. पुण्याचे मराठा चेंबर १९३४ चे. तेव्हापासून रेल्वेचे डबे, टपाल, जकात, वीज, रस्ते अशा एकेका गोष्टीसाठी ही मंडळी कागद लिहीत आली, शिष्टमंडळे नेत आली. तीच रीत आता तालुक्याच्या असोसिएशनपर्यंत पोचली आहे. त्यात वाईट काही नाही. आपल्या विकास सोसायटीच्या सभेला कोरम होत नाही म्हणून अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवावी लागते, ही गोष्ट मात्र त्यांच्या डोळ्यांतून सुटलेली नाही.

आता बरोबरच्या खुणा. मार्केट यार्डापासून खळ्यांपर्यंतचा रस्ता ही त्यांची पहिली मागणी. कांदा पिकवणाऱ्यांना सांगायला नको, लिलाव होतो यार्डात आणि माल खाली होतो व्यापाऱ्याच्या खळ्यावर. मध्ये दीड-दोन किलोमीटरचा रस्ता. त्या रस्त्याला पावसाळ्यात गुडघाभर खड्डे. पंचवीस क्विंटलची ट्रॉली तिथे कलली की माल रस्त्यावर, आणि खळ्यावर पोचायला दोन तास उशीर झाला की "माल वेगळा निघाला" म्हणून वांधा काढायला निमित्त. तेव्हा रस्ता व्यापाऱ्याने मागितला म्हणून तो त्याचा होत नाही. तसेच यार्डातल्या दिव्यांचे, भुईकाट्याचे, गटारीचे. गावातला अग्निशामक बंब जुना झाला, नवा द्या, हीही मागणी रास्तच. बारदानाच्या गोदामाला आग लागली तर शेजारी उभी असलेली ट्रॉली काही वाचत नाही.

विजेची मागणी वाचताना जरा थांबलो. बाजारपेठेला अखंड वीज द्या, दर मंगळवारचा बंद बंद करा, असे त्यांचे म्हणणे. अवश्य द्या. पण गावठाणाच्या तारा आणि शेतीच्या तारा आता बहुतेक ठिकाणी वेगळ्या झाल्या आहेत. पेठेचा दिवा चोवीस तास जळाला म्हणून आपल्या विहिरीवरची मोटार दिवसा चालते असे नाही. रात्री दोन वाजता बिबट्याच्या भीतीने काठी आपटत दारे धरायला जाणारा माणूस त्या मागणीत नाही. म्हणून तिथे मी बरोबरची खूण केली आणि पुढे लिहिले, "शेतीलाही दिवसा."

पाणंद रस्त्याचे तेच. निवेदनात बाह्यवळण आहे, पेठेतला सिमेंटचा रस्ता आहे, स्टँडपुढचा चौक आहे. माल मात्र चौकात पिकत नाही. तो शिवारातून येतो, आणि शिवारातली शेवटची वाट चिखलाची असली तर पुढचे सिमेंट काय कामाचे? शेत-पाणंद रस्त्यांसाठी सरकारने २०२१ साली मातोश्रींच्या नावाने योजना काढलेली आहे. तिच्यासाठी व्यापाऱ्यांनीही एक ओळ लिहिली असती तर माल वेळेवर त्यांच्याच दारी आला असता.

आता बाजार फी. या मागणीपुढे मी आधी टिंब दिले होते, नंतर ते खोडून फुली केली. खोडायला कारण झाले ते हिशेबाचे.

बाजार समित्यांचा आपल्या राज्याचा कायदा १९६३ चा. त्याच्याही आधी, १८८६ साली, वऱ्हाडात कारंजा येथे कापसाचा बाजार नियमाखाली आणला गेला. देशातला तसा तो पहिला मानतात. साहेबाला त्याच्या गिरण्यांसाठी कापूस चोख हवा होता, शेतकऱ्याची कणव आली म्हणून ते झाले नाही. पण वजन उघड्यावर व्हावे, भाव सर्वांदेखत पुकारावा, ही चाल त्यातून पडली. या व्यवस्थेचा खर्च बाजार फीतून चालतो. शंभर रुपयांच्या मालावर साधारण एक रुपया फी, ती खरेदीदाराने भरायची. शिवाय पाच पैसे सरकारची देखरेख फी. असोसिएशन म्हणते, रुपयाचे पन्नास पैसे करा.

मी असोसिएशनच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांना गावात सारे शेठ म्हणतात. कांद्याचे खरेदीदार आहेत, माणूस बोलायला सरळ. चहा मागवला आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही आमच्या बाजूने विचार करा. २०१६ साली फळे-भाजीपाला नियमनातून मोकळा झाला, त्यात कांदा-बटाटाही आला. आता जो यार्डाबाहेर शिवारात येऊन कांदा घेतो त्याला फी नाही, काही नाही. मी यार्डात घेतो तर मला शंभराला रुपया. एकाच गाडीवर माल चढतो, एकाच बाजारात विकला जातो. मग मी मागे पडणार नाही तर काय?"

म्हणणे खोटे नव्हते. मी कागदावर आकडे मांडले. ट्रॉलीत २५ क्विंटल कांदा, भाव दीड हजार धरू. माल झाला ३७,५०० रुपयांचा. त्यावर फी ३७५ रुपये. अर्धी केली तर १८७ रुपये ५० पैसे. म्हणजे क्विंटलमागे साडेसात रुपये वाचले.

"शेठ, हे साडेसात रुपये तुम्ही बोलीत वाढवणार?"

"वाढवता येतील."

"येतील की वाढवणार?"

शेठ हसले. म्हणाले, "ते बाजारावर असते, अण्णा."

तेच तर आहे. साडेसात रुपये बाजारावर, आणि यार्डातले दिवे, पाणी, राखणदार, शेड, वांधे समिती यांचा खर्च मात्र निम्म्या पैशांत. त्याच निवेदनाच्या पहिल्या पानावर यार्डाचे काँक्रीट बाजार समितीने करावे अशी मागणी आहे आणि तिसऱ्या पानावर समितीचे उत्पन्न निम्मे करा अशी. एकाच हाताने विहीर खोल करा म्हणायचे आणि दुसऱ्याने दोर आखूड करायचा. मी हे शेठना बोलून दाखवले. ते म्हणाले, समितीत उधळपट्टी चालते, ती आधी थांबवा. तेही खरेच आहे, आणि त्यासाठी हिशेब मागावा, फी तोडू नये, असे माझे मत. शिवाय शिवारात येऊन घेणारा फी भरत नाही, तसा तो कोणाला बांधीलही नाही. यार्डात चोवीस तासांत चुकवती करायचा नियम आहे. नियम मोडला तर तक्रार घेऊन जायला एक दार आहे. शिवारातल्या सौद्याला कोणते दार? द्राक्षवाल्या पाहुण्यांना विचारा, कितींचे पैसे घेऊन दलाल परागंदा झाले.

फीच्या मागणीत आणखी एक काटा आहे. तिच्यासाठी व्यापारी काय करतात, हे आपण पाहिलेले आहे. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, ते चार दिवसांनी सुरू झाले. पुढे २० सप्टेंबरपासून जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्यांनी पुन्हा बेमुदत बंद पुकारला, तो ऑक्टोबर उजाडेपर्यंत चालला. मागण्यांत निर्यात शुल्क मागे घ्या, हे होतेच, आणि ते आपल्याही मनातले होते. त्याच मागण्यांत बाजार फी रुपयावरून पन्नास पैसे करा, हेही होते. शुल्काच्या रागात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फीचे कलम कोणी फारसे वाचलेच नाही. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, हमाली, तोलाई आणि वाराईच्या कपातीवरून लिलाव पुन्हा अडले. भांडण व्यापारी आणि हमाल-मापारी यांचे होते.

बंद म्हणजे काय, ते ज्याच्या चाळीत कांदा आहे त्याला विचारावे. व्यापाऱ्याचे दुकान बंद असते तेव्हा त्याचा माल सडत नाही, कारण त्याने तो घेतलेलाच नसतो. आपला कांदा मात्र चाळीत रोज वजन टाकतो, कोंब काढतो, खालच्या थराला पाणी सुटते. सप्टेंबरचा कांदा म्हणजे एप्रिलमध्ये भरलेला उन्हाळ कांदा, पाच महिने सांभाळलेला. त्याला पंधरा दिवस थांब म्हणणे सोपे नाही. आणि बाजार उघडला की सगळ्यांच्या ट्रॉल्या एकाच दिवशी रांगेत. मग भाव कोणाच्या हातात जातो, हे सांगायला नको. निर्यातीचे म्हणाल तर त्या शुल्कानंतर किमान निर्यात किंमत आली, डिसेंबर २०२३ मध्ये बंदीच आली, मे २०२४ मध्ये ती उठली, आणि शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तेरा दिवसांच्या बंदने दिल्ली हलली नाही.

म्हणून मी शेठना एवढेच म्हणालो, "तुमच्या मागण्यांत एक ओळ घाला. मागणी काहीही असो, लिलाव बंद ठेवायचा असेल तर आठ दिवस आधी गावोगाव कळवू." त्यांनी ते वहीत टिपून घेतले. पुढचे पुढे.

आता दुसरी फुली, आणि खरे सांगायचे तर लेख लिहायला मी बसलो तो हिच्यामुळे. निवेदनातली अकरावी मागणी अशी : "आठवडे बाजार मुख्य पेठेतून हलवून बाह्यवळणालगतच्या मोकळ्या जागेत न्यावा आणि रस्त्यावरील फेरीवाले कायमचे हटवावेत."

वाचायला किती साधे! दुकानदारांची अडचणही खोटी नाही. बाजाराच्या दिवशी दुकानांच्या पायऱ्यांवर पाट्या लागतात, गिऱ्हाइकाला आत शिरायला वाट राहत नाही. बंब यायचा म्हटला तरी येणार नाही. संध्याकाळी भाजीचा पाला आणि सडके टोमॅटो दारात पडून राहतात, ते दुकानदारालाच झाडावे लागतात. हे सगळे मान्य.

पण त्या पायरीवर बसते कोण? आमची भावजय बसते. दर आठवड्याला पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून दोन पाट्या भरते आणि सातच्या एसटीने जाते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून गाडीत आणखी चार-पाच जणी असतात. स्टँडवर उतरले की पेठ शंभर पावलांवर. बाजार बाह्यवळणावर गेला तर स्टँडपासून दोन किलोमीटर. दोन पाट्या डोक्यावर आणि काखेत घेऊन चालणे होणार नाही, रिक्षा करावी लागेल, जाताना आणि येताना. अर्ध्या तिकिटाने जे दिले ते रिक्षाने काढून घेतले, असा तिचा हिशेब आहे, आणि तो माझ्या फीच्या हिशेबापेक्षा पक्का आहे.

दुसरे असे की, पेठेत गिऱ्हाईक आपोआप येते. बँकेत आलेला, दवाखान्यात आलेला, कोर्टाची तारीख असलेला माणूस जाताजाता जुडी घेतो. बाह्यवळणाला मुद्दाम कोण जाईल? आणि मेथी विकून झाल्यावर भावजय जाते कुठे? त्याच पेठेत. तेलाची पिशवी, चहापत्ती, पोराचा गणवेश, संक्रांत आली तर बांगड्या. जो दुकानदार तिला पायरीवरून उठवू पाहतो, त्याच्याच गल्ल्यात तिची मेथी संध्याकाळपर्यंत जाऊन पडते. कापडवाल्या एका सभासदाने मला हळूच सांगितले की त्याची निम्मी विक्री बाजाराच्याच दिवसाची आहे. निवेदनावर सही मात्र त्याचीही आहे. सगळ्यांनी केली, म्हणून केली.

या बाबतीत कायदा काय म्हणतो ते आपण माहीत करून घ्यावे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राने कायदा केला आहे. त्याप्रमाणे नगरपालिकेने विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावयाचे, आणि ते होऊन दाखले मिळेपर्यंत कोणाला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समिती नेमायची, तिच्यात कमीत कमी ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. व्यापारी संघटनेलाही त्या समितीत जागा ठेवली आहे, म्हणजे बोलणी समोरासमोर व्हावीत हाच हेतू. आणखी एक तरतूद फार मोलाची आहे. जिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते बसत आले, तो बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे त्या कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे. आमच्या गावचा बाजार माझ्या आजोबांच्या लहानपणी भरत होता. त्यांनी पहिला बैल तिथूनच आणला.

गोम एवढीच आहे की सर्वेक्षण होते ते बहुधा रोजच्या गाड्यांचे. आठवड्यातून एकदा, तेही दुपारपर्यंत बसणारी शेतकरी बाई त्या यादीत येणार कशी? मोजणारा कारकून बुधवारी आला आणि बाजार शनिवारचा असला, तर ती कागदावर नाहीच. रोजची पावती मात्र ती फाडते. माझे आजूबाजूच्या गावांना सांगणे आहे की पावत्या फेकू नका. भाकरीच्या फडक्यात बांधून आणा आणि घरात खिळ्याला अडकवा. उद्या कोणी "तुम्ही इथे बसत होता कशावरून" असे विचारले, तर दुसरा पुरावा आपल्यापाशी नाही.

आणि एक गोष्ट, जी त्या चौदा मागण्यांत कुठेच नव्हती. बायकांची मुतारी. शिष्ट शब्द सुचतात, पण बायका हाच वापरतात. सातच्या गाडीने आलेली बाई तीन वाजेपर्यंत पेठेत बसते. सबंध गावात बायांनी जाण्यासारखी जागा स्टँडवर एक, तिथे कडी नाही आणि पाणी नाही. भावजय बाजाराच्या दिवशी सकाळी चहा घेत नाही, दुपारपर्यंत पाणीही जपून पिते. मला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हते, कारण घरात असल्या गोष्टी दिराला कोणी सांगत नाही. निवेदनावर बोलता बोलता माझ्या पत्नीने सांगितले. म्हणाली, "तुमच्या कागदात रस्ता आहे, बंब आहे, कॅमेरे आहेत. ही एवढी बघा." दुकानातल्या मालकिणी दुपारी घरी जातात, म्हणून त्यांच्या यादीत ते आले नसावे. यार्डातही तीच गत. लिलावाच्या रांगेत रात्र काढायला आता बायकाही ट्रॉलीबरोबर येतात. नवरा मजुरीवर, मुलगा परगावी, मग माल कोण आणणार?

मुतारीची गोष्ट मी शेठना सांगितली तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "हे लेखी द्या. तोंडी नको. मला सभासदांपुढे ठेवायला कागद लागतो."

लेखी द्यायचे म्हणजे कोणाच्या नावाने, हा प्रश्न होता. नगरपालिकेत आपण नाही हे वर आलेच. बाजार समितीत मात्र आहोत. १८ जणांच्या समितीत सोसायट्यांकडून ११ आणि ग्रामपंचायतींकडून ४ येतात, व्यापाऱ्यांचे २ आणि हमाल-मापाऱ्यांचा १. सोसायट्यांच्या ११ मध्ये २ बायका असतात. २०१७ साली शेतकऱ्याला थेट मताचा हक्क दिला होता, तो २०२० मध्ये काढून घेतला, तेव्हा पुन्हा सोसायटी आणि ग्रामपंचायतीचे सदस्यच मत देतात. म्हणजे १८ पैकी १५ आपले, कागदावर तरी. निवडून गेलेले १५ नंतर कोणाच्या ओट्यावर बसतात ते तुम्हीच पाहा. पण ठराव करून पाठवला तर त्यांना तो वाचावा लागतो.

आम्ही ग्रामसभेत ठराव केला. चर्चा तासभर चालली, त्यातला अर्धा तास गावातल्याच नळाच्या भांडणावर गेला. सोसायटीनेही तसाच ठराव दिला. मग शेजारच्या पाच गावांना प्रती पाठवल्या, तिघांनी ठराव केले, दोघांचे अजून यायचे आहेत. ठरावात आम्ही असोसिएशनच्या आठ मागण्यांना पाठिंबा लिहिला, मोकळ्या मनाने. त्यांच्या चार मागण्यांवर काही लिहिले नाही, त्यांचे ते पाहतील. बाजार फी तोडू नये आणि आठवडे बाजार हलवू नये, हे कारणांसह लिहिले. खाली आपल्या चार मागण्या जोडल्या. शेतीला दिवसा वीज, पाणंद रस्ते, बंदची आठ दिवस आधी सूचना, आणि स्टँडजवळ व यार्डात बायकांसाठी मुतारी, पाणी आणि कडीसह.

एका जुन्या गोष्टीची आठवण यानिमित्ताने झाली. पूर्वी नगरपालिकेच्या नाक्यावर जकात भरावी लागे. आपल्या गाड्याही तिथे खोळंबत. ती बंद व्हावी म्हणून व्यापारी संघटना वर्षानुवर्षे भांडल्या, आणि १९९९ साली नगरपालिकांची जकात उठली. नाका गेला, बरे झाले. पण तेव्हापासून नगरपालिका सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसते आणि रस्त्याला पैसा मागितला की वरून आल्यावर बघू म्हणते. शेठना मी हेही म्हणालो की कर नको आणि रस्ता हवा, या दोन्ही मागण्या एकाच कागदावर शोभत नाहीत. ते म्हणाले, "अण्णा, शेतसारा तुम्ही तरी आनंदाने भरता का?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

असोसिएशनच्या मागच्या बैठकीला चार गावांचे आठ जण गेलो होतो. त्यांत आमची भावजय आणि दुसऱ्या गावच्या दोन बाया होत्या. खुर्च्या दिल्या, चहा दिला. बाजार हलवण्याची मागणी त्यांनी अजून मागे घेतलेली नाही, पण सध्या पुढेही रेटणार नाहीत असे कळले. पेठेच्या एका बाजूला चुन्याची रेघ मारून बंब जाईल एवढी वाट मोकळी ठेवायची आणि पाट्या रेघेच्या आत, यावर दोन्हीकडची मंडळी कबूल झाली. सांज होताना पाला उचलायला नगरपालिकेची गाडी यावी, असा अर्ज दोघांच्या सह्यांनी गेला.

स्टँडच्या पूर्वेच्या भिंतीलगत जागा पाहून झाली आहे. बांधकामाला असोसिएशन काही रक्कम देते म्हणाले, बाकीचे नगरपालिका पाहणार. फक्त तिची चावी कोणापाशी राहायची, यावर बैठकीत एकमत झाले नाही. शेठ म्हणतात असोसिएशनच्या ऑफिसात ठेवू, म्हणजे घाण होणार नाही. भावजय म्हणते, बाहेरून कुलूप नकोच, आतून कडी तेवढी द्या.